ज्येष्ठ प्रवाशांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स: आजार आधीचा असेल तर विमा कसा काढायचा? टूर व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी संपूर्ण माहिती



टूर्स अँड ट्रॅव्हल्सचा छोटा व्यवसाय सुरू करणारे आपले अनेक विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, ग्रुपमध्ये बहुतेक सगळे साठीच्या पुढचे आहेत. कुणाला बीपी, कुणाला शुगर, एकाची अँजिओप्लास्टी झालीये. यांचा विमा निघतो का? आणि निघाला तरी क्लेम मिळतो का?"

थोडक्यात उत्तर: विमा बहुतेक वेळा निघतो. क्लेम मिळणार की नाही, हे मात्र फॉर्म भरताना तुम्ही आजाराबद्दल काय विचारलं आणि काय लिहिलं यावर बरंचसं ठरतं. व्हिडिओमध्ये वेळेअभावी मुद्दे पटापट घ्यावे लागतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लेख थोडा मोठा आहे, पण या धंद्यात उतरायचं असेल तर एकदा शांतपणे वाचा.

हा विषय तुमच्या धंद्याचा का आहे?

छोट्या टूर व्यावसायिकाचा ग्राहक कोण असतो? निवृत्त शिक्षक, बँकेतून रिटायर झालेले काका, भिशीच्या ग्रुपमधल्या काकू, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले आई-बाबा. यांच्याकडे वेळ असतो, थोडीफार पुंजी असते आणि आयुष्यभर मागे ठेवलेली फिरायची हौस असते. सोबत गोळ्यांची डबीही असते.

परदेशात यांच्यापैकी कुणाची तब्येत बिघडली तर पहिला फोन विमा कंपनीला जात नाही, तुम्हाला येतो. तिकडे हॉस्पिटल डिपॉझिट मागत असतं, इकडे मुलगा विचारतो, "तुम्ही विमा काढला होता ना?" त्या क्षणी "हो, पण त्यात हार्टचं कव्हर नव्हतं" असं सांगायची वेळ आली, तर त्या गावात तुमचा धंदा संपला असं समजा. उलट विमा कामाला आला, तर ते कुटुंब तुमची जाहिरात आयुष्यभर फुकट करतं.

आधी एक शब्द पक्का करा: पीईडी

विम्याच्या भाषेत आधीपासून असलेल्या आजाराला 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज', म्हणजे पीईडी म्हणतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या सध्याच्या व्याख्येनुसार, पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्या आजाराचं निदान केलंय, किंवा ज्याच्यासाठी सल्ला वा उपचार दिलेत, तो पीईडी. पूर्वी हा काळ ४८ महिन्यांचा होता, २०२४ मध्ये तो कमी झाला. पण फॉर्ममधला प्रश्न कधीकधी यापेक्षा व्यापक असतो. "आजवर कधी हृदयविकार झाला आहे का?" असं विचारलं असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा स्टेंटही लिहायचा.

आपल्याकडे खरी अडचण बोलण्याच्या पद्धतीत आहे. काकांना विचारा, "काही आजार आहे का?" उत्तर येतं, "छे! ठणठणीत आहे." मग पुढे सहज निघतं, "बीपीची एक गोळी तेवढी चालू आहे." त्यांच्या मते बीपी कंट्रोलमध्ये आहे, म्हणजे आजार नाही. विमा कंपनीच्या मते गोळी चालू आहे, म्हणजे आजार आहे. म्हणून "आजार आहे का?" असं विचारू नका. "रोज कोणत्या गोळ्या घेता?" असं विचारा. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

घरचा मेडिक्लेम वेगळा, ट्रॅव्हल पॉलिसी वेगळी

"आमचा दहा लाखांचा मेडिक्लेम आहे की!" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकाल. तो मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्या उपचारांसाठी असतो. परदेशातलं कव्हर त्यात मुद्दाम घेतलेलं नसेल, तर सीमा ओलांडली की त्याचा उपयोग नाही.

दुसरा फरक यापेक्षा महत्त्वाचा आहे. मेडिक्लेममध्ये आधीच्या आजारासाठी वेटिंग पिरियड असतो, तो पूर्ण झाला की आजार कव्हर होतो. ट्रॅव्हल पॉलिसी असते पंधरा दिवसांची किंवा तीन महिन्यांची. त्यात वाट बघायला वेळच नाही. त्यामुळे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतो, ठरावीक मर्यादेत कव्हर असतो, नाहीतर अजिबात नसतो. यातलं काय आहे, ते पॉलिसीच्या कागदावर शोधायचं.

भारतातल्या सहलीचं गणित उलटं आहे. चारधाम, काश्मीर, केरळ इथे हॉस्पिटलचं मोठं बिल उचलणार तो मेडिक्लेमच. म्हणून भारतातल्या टूरसाठी ग्राहकाकडून त्याच्या मेडिक्लेमच्या कार्डची प्रत घ्या आणि वेटिंग पिरियड संपलाय का, एवढं विचारून ठेवा.

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतील

कंपन्यांची आणि प्लॅनची नावं बदलत राहतात. आतला माल मात्र साधारण तीन प्रकारचा असतो.

१. पीईडी पूर्ण वगळलेली पॉलिसी. सगळ्यात स्वस्त. काका पाय घसरून पडले, जुलाब झाले, बॅग हरवली तर उपयोग आहे. जुन्या हृदयविकारामुळे काही झालं तर शून्य.

२. जीवघेण्या तातडीच्या प्रसंगात पीईडीला कव्हर देणारी पॉलिसी. जुन्या आजारामुळे अचानक जीवावर बेतलं, तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च, तोही बहुतेक वेळा ठरावीक रकमेपर्यंत. पेशंट धोक्याबाहेर आला की पुढचे उपचार भारतात येऊन करायचे. शुगरची नेहमीची तपासणी किंवा संपलेली गोळी यात बसत नाही.

३. जास्तीचा प्रीमियम भरून पीईडीचं कव्हर वाढवून घेतलेली पॉलिसी. इथेही मर्यादा असते, पण मोठी. सत्तरीच्या पुढे काही कंपन्या त्याआधी वैद्यकीय तपासणीचे रिपोर्ट मागतात.

प्रत्येक ज्येष्ठ ग्राहकाला तिसरा प्रकार लागेलच असं नाही. पण पहिला प्रकार देऊन "विमा काढलाय" असं सांगणं ही फसवणूक आहे, मग ती न कळत झालेली का असेना.

आकडे वाचायला शिका

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: कव्हर ५०,००० डॉलर. ज्येष्ठांच्या बाबतीत या आकड्याला खालून बऱ्याच कात्र्या लागतात.

- पीईडीची मर्यादा: एकूण कव्हर कितीही असो, जुन्या आजारासाठी वेगळी, छोटी मर्यादा असू शकते.
- सब-लिमिट: काही पॉलिसींमध्ये वय ६० ओलांडलं की खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी, अॅम्ब्युलन्स अशा प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा लागते.
- डिडक्टिबल: प्रत्येक क्लेममध्ये सुरुवातीची ठरावीक रक्कम ग्राहकाने स्वतः भरायची असते.
- वयाची अट: किती वयापर्यंत पॉलिसी मिळते आणि कोणत्या वयाला प्रीमियम एकदम वर जातो, हे कंपनीनुसार बदलतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, काकांची पॉलिसी ५०,००० डॉलरची आहे आणि पीईडीची मर्यादा ५,००० डॉलर. त्यांना आधी हृदयविकार होता, तो फॉर्ममध्ये लिहिलेलाही आहे. परदेशात अॅटॅक आला, बिल झालं ३०,००० डॉलर. कंपनी जास्तीत जास्त ५,००० देणार, उरलेले २५,००० कुटुंबाने भरायचे. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी ही रक्कम २१ लाख २५ हजार रुपये होते. ग्राहकाच्या डोक्यात मात्र "५०,००० डॉलर" एवढंच बसलेलं असतं.

म्हणून ग्राहकाला कोटेशन देताना तुमच्या कागदावर दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा: एकूण कव्हर किती, आणि तुमच्या जुन्या आजारासाठी किती. दुसरा आकडा बघून तो स्वतःच विचारेल, "हा वाढवता येतो का?" मग प्रीमियम का वाढतो, हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

कुठे जाताय त्यावर विमा ठरवा

युरोप: शेंगेन गटातल्या २९ देशांच्या व्हिसासाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स सक्तीचा आहे. किमान ३०,००० युरोचं कव्हर हवं, ते सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या पूर्ण काळात चालायला हवं, आणि तातडीचे उपचार व मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात हवा. आता नीट लक्ष द्या. या अटी पूर्ण करणारी पॉलिसी व्हिसाला चालते, पण म्हणून ती काकांच्या जुन्या हृदयविकाराला चालेलच असं नाही. व्हिसासाठीचा कागद आणि हॉस्पिटलसाठीचं कव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरेच नवीन टूरवाले इथेच फसतात.

अमेरिका: जगातले सगळ्यात महागडे उपचार इथले. मुलांकडे जाणारे आई-बाबा बऱ्याचदा पाच-सहा महिने राहतात, त्यामुळे पॉलिसी किती दिवसांची मिळते आणि तिथे गेल्यावर वाढवता येते का, हे आधीच बघा. काही वेळा मुलगाच तिकडच्या कंपनीचा 'व्हिजिटर इन्शुरन्स' घेतो. त्यात 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' असे शब्द दिसतात. अर्थ असा, की जुना आजार अचानक, आधी काही लक्षण नसताना उफाळला आणि ठरलेल्या तासांत, बऱ्याचदा २४ तासांत, उपचार घेतले तरच कव्हर. दोन दिवस छातीत दुखत असताना अंगावर काढलं, तर तो 'अचानक' राहत नाही. या कव्हरला वयाची मर्यादाही असते.

नेपाळ: पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रेला आपल्याकडून भरपूर ज्येष्ठ जातात. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे विम्याचा कागद कुणी मागतच नाही. कुणी मागत नाही म्हणून कुणी काढत नाही. पण नेपाळ परदेश आहे आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. पॉलिसीत नेपाळ आहे का, उंचीची मर्यादा किती आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च कोणत्या अटीवर मिळतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मुक्तिनाथचं बुकिंग घेऊ नका.

भारतातली उंचावरची ठिकाणं: केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांसाठी इथे विम्याच्या आधी डॉक्टरांचा सल्ला. सरकारतर्फे होणाऱ्या कैलास मानसरोवर यात्रेला ७० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि वैद्यकीय तपासणीत पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सरकार एवढं काटेकोर असेल, तर आपणही थोडं असायला काय हरकत आहे?

आजार लिहिला तर क्लेम नाकारतील, ही भीती खरी आहे का?

"सर, आजार लिहिला की प्रीमियम वाढतो. आणि लिहूनही कंपनीने नाकारला तर?" हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर एका खऱ्या खटल्यात आहे.

२००९ सालची गोष्ट. अमेरिकेला निघालेल्या एका गृहस्थांनी परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली. मधुमेह असल्याचं त्यांनी सांगितलं होतं, पॉलिसीआधी वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. कंपनीने क्लेम नाकारला. आधीचा आजार होता, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचं सांगितलं नाही, अशी कारणं दिली. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. ग्राहकाची वैद्यकीय स्थिती तपासून, समजून कंपनीने एकदा पॉलिसी दिली, की ग्राहकाने फॉर्ममध्ये सांगितलेल्या त्याच आजाराचं कारण पुढे करून क्लेम नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, लिहिलेला आजार ही ग्राहकाची ढाल आहे. त्यांनी मधुमेह लपवला असता तर न्यायालयात उभं राहायला जागाच नव्हती. दोन, एका गोळीवरून वाद बारा वर्षं चालला. तुमच्या ग्राहकाकडे बारा वर्षं नाहीत. म्हणून मोठे आजार तर लिहायचेच, पण कोलेस्टेरॉलची, थायरॉइडची, रक्त पातळ करायची गोळीसुद्धा लिहायची.

प्रीमियम वाचवायला आजार लपवला, तर भरलेला प्रीमियमसुद्धा वाया जातो. हे वाक्य ऑफिसमध्ये चिकटवून ठेवा.

फॉर्म भरण्याची योग्य पद्धत

ऑनलाइन फॉर्म दोन मिनिटांत भरतो आणि घोळ तिथेच होतो. आजाराच्या रकान्यात 'नाही' वर टिक कोण करतं? कधी पुण्यातला मुलगा ऑफिसमधून घाईत, कधी एजंट, कधी तुमचा काउंटरवरचा मुलगा. ज्याचा आजार आहे त्याने तो प्रश्न वाचलेलाच नसतो. म्हणून ही पद्धत लावून घ्या.

१. बुकिंगच्या दिवशीच तब्येतीचा एक पानी फॉर्म द्या, सोप्या मराठीत. प्रश्न पाचच: रोजच्या गोळ्या कोणत्या? कधी ऑपरेशन, स्टेंट, पेसमेकर? गेल्या तीन वर्षांत हॉस्पिटलमध्ये भरती? सध्या कोणती तपासणी किंवा रिपोर्ट बाकी आहे? फॅमिली डॉक्टर कोण?

२. ग्राहकाशी एकट्याने बोला. चारचौघांत काकू गुडघ्याचं सांगतील, पण फिट येते हे सांगणार नाहीत.

३. गोळ्यांच्या पाकिटाचा किंवा प्रिस्क्रिप्शनचा फोटो घ्या. "ती लाल छोटी गोळी" यावरून फॉर्म भरता येत नाही.

४. विम्याचा फॉर्म ग्राहकाला वाचून दाखवा, मग सही किंवा ओटीपी घ्या. काका वाचत नसतील तर मुलाला फोनवर घ्या. ओटीपी मागून परस्पर फॉर्म पुढे ढकलू नका.

५. पॉलिसी हातात आली की नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, तारखा आणि लिहिलेले आजार तपासा. चूक असेल तर प्रवासाआधी लेखी दुरुस्ती करून घ्या.

६. पॉलिसी काढल्यानंतर आणि निघण्याआधी नवीन आजार निघाला किंवा गोळी बदलली, तर कंपनीला ईमेलने कळवा. मध्ये दोन महिने गेले असतील तर निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करून विचारा.

दोन गोष्टी ग्राहकाला स्पष्ट सांगा. डॉक्टरांनी प्रवास करू नका असं सांगितलेलं असताना गेलात, तर पॉलिसी साधारणपणे पैसे देत नाही. आणि परदेशात उपचार घ्यायच्याच उद्देशाने जात असाल, तर ट्रॅव्हल इन्शुरन्स त्यासाठी नाही.

अजून एक. ही माहिती लोकांच्या शरीराची आहे. ती टूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही, काउंटरवर उघडी ठेवायची नाही. टूर मॅनेजरला गरजेपुरती द्या आणि तसं ग्राहकाला आधी सांगा.

तुम्ही स्वतः विमा विकू शकता का?

परवान्याशिवाय नाही. पण रस्ते आहेत.

पहिला, ओळखीच्या विमा एजंट किंवा ब्रोकरकडे ग्राहकाला पाठवणं. सुरुवातीला हेच बरं, तुम्ही फक्त माहिती नीट गोळा करून द्या.

दुसरा, स्वतः पीओएसपी, म्हणजे 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' होणं. वय १८ पूर्ण, शिक्षण किमान दहावी, १५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. एखाद्या विमा कंपनीमार्फत किंवा ब्रोकरमार्फत हे करता येतं. पीओएसपीला जी उत्पादनं विकता येतात त्यात ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे. मात्र ही साधी, आधीच ठरलेल्या अटींची उत्पादनं असतात. गुंतागुंतीचा आजार असलेला ग्राहक आला, तर प्रकरण कंपनीच्या अंडररायटरकडे जाऊ द्या. स्वतः डोकं लावून 'नाही' वर टिक करू नका.

तिसरा, ग्रुप पॉलिसी. मोठ्या टूरला सोयीची, पण कंपनीने लावलेल्या प्रीमियमवर स्वतःचा नफा चढवून ग्राहकाकडून जास्त घेता येत नाही. आणि ग्रुप पॉलिसीत पीईडीचं काय, हे वेगळं विचारायला विसरू नका.

एक सावधगिरी. "माझं कमिशन तुम्हाला परत देतो" असं सांगून पॉलिसी विकू नका. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देणं-घेणं बेकायदेशीर आहे, दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. जाहिरातीत "विमा समाविष्ट" लिहिणार असाल, तर कोणता, कितीचा आणि जुन्या आजाराचं काय, हेही लिहा.

प्रसंग आलाच तर

रात्री दोनला फोन आला तर गडबडू नये म्हणून क्रम पाठ ठेवा.

- जीव धोक्यात असेल तर आधी तिथली अॅम्ब्युलन्स, हॉस्पिटल. बाकी सगळं नंतर.
- लगेच पॉलिसीवरच्या २४ तास मदत क्रमांकावर फोन. कॅशलेस व्यवस्था, मोठ्या उपचाराची मंजुरी, हेलिकॉप्टर किंवा परत आणण्याची सोय यांसाठी आधी कळवणं बहुतेक ठिकाणी अटीतच असतं. केस नंबर लिहून घ्या.
- डॉक्टरांचे रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद, बिलं, पावत्या, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के: सगळ्याचे फोटो त्याच दिवशी.
- हॉस्पिटलमध्ये जुन्या आजाराची माहिती देताना तारखा नीट सांगा. घाबरलेले नातेवाईक "खूप वर्षांपासून आहे" असं सहज बोलून जातात आणि तेच केस पेपरवर उतरतं. पुढे वाद त्याच वाक्यावर होतो.

क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. पुढची पायरी म्हणजे आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. तिथेही समाधान झालं नाही किंवा कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला लोकपालांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही आणि वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

कधीकधी 'नाही' म्हणावं लागेल

दोन महिन्यांपूर्वी बायपास झालेले आजोबा. नातवाकडे अमेरिकेला जायचंय. हव्या त्या रकमेचं पीईडी कव्हर मिळत नाहीये. तुमच्यासमोर दीड-दोन लाखांचं बुकिंग आहे. काय कराल?

खरं सांगा. "आजोबा, या घडीला जुन्या आजाराचं पुरेसं कव्हर मिळत नाहीये. डॉक्टरांना विचारून सहा महिन्यांनी बघू. नाहीतर मुलाशी बोला, तिकडे काही झालं तर खर्च तुम्हालाच करावा लागेल, हे त्याला माहीत असू द्या." त्यांनी तरीही जायचं ठरवलं, तर तो त्यांचा निर्णय, पण माहिती असून घेतलेला. तसं लेखी घ्या. एक बुकिंग गेलं तर एका महिन्याचा हिशेब बिघडतो. विश्वास गेला तर दुकानाच्या पाटीला अर्थ राहत नाही.

या आठवड्यात करायची कामं

- पाच प्रश्नांचा तब्येतीचा फॉर्म मराठीत तयार करा.
- तुम्ही ज्या देशांच्या टूर करता, त्यांच्यासाठी तीन कंपन्यांच्या पॉलिसीची पूर्ण नियमावली डाउनलोड करा. ब्रोशरवर थांबू नका. 'पीईडी' शब्द शोधून त्या ओळींखाली रेघ मारा.
- कोटेशनच्या नमुन्यात दोन आकडे टाका: एकूण कव्हर आणि जुन्या आजाराचं कव्हर.
- प्रत्येक प्रवाशासाठी खिशात मावेल असं कार्ड छापा. पॉलिसी नंबर, मदत क्रमांक, आजार, गोळ्यांची मूळ औषधी नावं, घरचा फोन. ब्रँडचं नाव परदेशातल्या डॉक्टरांना कळेलच असं नाही.
- गोळ्या हँडबॅगमध्ये, प्रिस्क्रिप्शनसह, चार-पाच दिवस जास्तीच्या. ज्या देशात जाताय तिथे त्या औषधावर बंधन नाही ना, हे आखाती देशांसाठी तर नक्की तपासा.

हे सगळं करायला भांडवल लागत नाही, थोडा वेळ आणि विचारायची सवय लागते. मोठ्या टूर कंपनीच्या कॉल सेंटरला प्रत्येक काकांच्या गोळ्या विचारायला फुरसत नसते. तुम्हाला आहे. छोट्या व्यावसायिकाची ताकद इथेच आहे, ती वापरा.

तुमच्या ग्राहकाचं वय, देश आणि आजार लिहून कमेंटमध्ये प्रश्न विचारा. ग्राहकाचं नाव मात्र लिहू नका. निवडक प्रश्नांची उत्तरं पुढच्या व्हिडिओत घेऊ.